राखलेलं पाणी

डोळ्यांत औषध घालून घेताना इंदिराबाईंना फारसं काही वाटलं नव्हतं. किंचित चुरचुरलं, घशात कडवट चव उतरली, एवढंच. "बाहेर बाकावर बसा, डोळे मिटून. बाहुल्या मोठ्या झाल्या की डॉक्टर बोलावतील," कंपाउंडर म्हणाला आणि हाताला धरून त्यानं त्यांना व्हरांड्यात आणून सोडलं. चांद्याच्या त्या दवाखान्याचा लांब व्हरांडा थंडीतल्या सकाळच्या उन्हानं भरला होता. मिटल्या पापण्यांतूनही ऊन लाल होऊन आत येत होतं. ऑफिसात हल्ली अक्षरं एकमेकांत शिरायची, लांबचंही धूसर दिसायचं, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला त्या आल्या होत्या. थोड्या वेळानं सहज म्हणून त्यांनी डोळे उघडले आणि समोरचं सगळं पांढरंफटक होऊन अंगावर आलं. अंगणातला कडुलिंब, त्याखाली सोडलेली बैलगाडी, नळावरच्या बाया, कशालाच कडा राहिल्या नव्हत्या. मांडीवरचा स्वतःचा हात दिसेना, नुसता एक फिकट गोळा दिसला. त्यांनी घाईनं डोळे मिटून घेतले. आणि तशा मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या असताना, बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून, त्यांना स्वतःचंच एक जुनं वाक्य ऐकू आलं.

"मूठभर मातीत एवढी ताकद, का तिच्या जोरावर आख्खं जहाज पान्याखालून चालते. महिनेच्या महिने वर याचं काम नाई."

"पान्याखालून? आन आतले मानसं?" दुसऱ्या कुणी विचारलं.

"आतल्या आत राह्यतेत, खातेत, झोपतेत. आन ते माती हाये आमच्या डोंगरातली. कॅम्प बसला न आमच्या गावी, मोहबोडीले. दिवसभर ट्रका जाऊन राह्यल्या. माही पोरगी तिथीच हाये. जावयाले काम लागलं, क्वार्टर भेटलं."

इंदिराबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे आला? कॅम्प आला? आपल्याला कुणी सांगितलंच नाही? त्या एका क्षणात त्यांना जो आनंद झाला तसा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. छातीवरून कुणीतरी दगड उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं हलकं वाटलं. खरं ठरलं होतं आपलं बोलणं. उशिरा का होईना, सरकारनं आपली लाज राखली. मग त्या क्षणामागून दुसरा क्षण आला आणि त्यांना आठवलं की कॅम्प येणं शक्य नाही. ते काम कायमचं बंद झाल्याचं त्यांनी आपल्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर ऐकलं होतं. हलकेपणा तसाच्या तसा आत जिरला आणि त्याच्या जागी काहीतरी गार, ओलसर होऊन बसलं. आवाज ओळखीचा होता. डोळे उघडे असते तर कदाचित माणूस ओळखू आला नसता, पण आवाज ओळखण्यात त्या चुकत नसत. मोहबोडीचा लटारू. तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून राहणारा, मासे मारून जगणाऱ्या ढिवरांच्या घरांतला मोठा माणूस.

चार वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. तेव्हा त्या सिंदेवाहीच्या बाजूला विकास गटात समाजशिक्षणाचं काम बघत. गावोगाव हिंडायचं, बायांना गोळा करायचं, विहिरीत औषध टाका, पोरींना शाळेत घाला, असं सांगायचं. मोहबोडीच्या डोंगरावर एकदा काही माणसं पेट्या घेऊन चढली. पेट्या टिकटिक वाजायच्या; जिथं जास्त वाजायच्या तिथं ते लोक खुंटी ठोकायचे. पावसाळा संपल्यावर वरून एक साहेब आले. त्यांनी डाकबंगल्यात चहा पितापिता इंदिराबाईंना सांगितलं की त्या डोंगरात अणुशक्तीचं खनिज असण्याचा संभव आहे, मोठा कॅम्प बसेल, यंत्रं येतील, दोनतीनशे माणसं येतील. "सरकारची तयारी सरकार करील," साहेब म्हणाले, "पण गावाची तयारी कोण करणार? उद्या एवढे लोक येऊन राहायचे म्हणजे गावानं त्यांना आपलं म्हटलं पाहिजे. जबरदस्ती नको. मनं तयार झाली पाहिजेत. ते काम तुमचं." हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या आदबीनं म्हटलं की इंदिराबाईंना नवं लुगडं नेसल्यासारखं वाटलं. आजवर त्यांच्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं.

सभा मोहाच्या झाडाखाली भरली. साहेब राष्ट्र म्हणाले, संरक्षण म्हणाले, अणू म्हणाले. माणसं डोळे बारीक करून बघत राहिली, जसं दुपारी पाण्याकडे बघतात. मग साहेबांनी घाम पुसत इंदिराबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या. काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. समोर बरीचशी ढिवरांची घरं होती, तलावावर जगणारी, म्हणून वर्तमानपत्रात वाचलेली एक गोष्ट त्यांच्या तोंडी आली. समुद्रापलीकडच्या एका देशानं एक जहाज केलंय. ते पाण्याखालून चालतं. त्याला कोळसा नको, तेल नको. मूठभर मातीत एवढी ताकद आहे की तिच्या जोरावर ते महिनेच्या महिने वर येत नाही. ती माती, कोण जाणे, तुमच्या या डोंगरातही असेल. उद्या आपल्या देशाचं असं जहाज पाण्यात उतरलं तर म्हणता येईल की ते मोहबोडीच्या मातीवर चालतं. बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. मागून लटारूनं विचारलं, "बाई, मंग ते वर कायले येते? खालीच राह्यलं पायजे." साहेब मोठ्यानं हसले. "अरे, माणसांना जेवण लागतं, सूर्य लागतो, बायकापोरं लागतात." लटारूनं मान हलवली. "हां, बायकापोराइसाठी वर येनं पडते. मी बी बुडी मारतो तं त्याइच्यासाठीच येतो." सगळी सभा हसली, आणि त्या हसण्यातच गाव तयार झालं. इंदिराबाईंना ते दिसलं. एखादी गाय दोर सोडल्यावर आपण होऊन मागून चालू लागावी तसं ते गाव त्यांच्या आवाजामागून चालू लागलं.

आणि कसं चाललं! डोंगरापर्यंतचा रस्ता त्यांनी श्रमदानानं केला. ज्यांच्या भातशेताच्या बांध्या रस्त्यात गेल्या त्यांनीही कुरकूर केली नाही. कॅम्पासाठी म्हणून पडीक माळ साफ केला, त्याच्या कडेनं चुना मारलेले दगड लावले. आणि तलाव राखून ठेवला. यंत्रांना पाणी लागणार, माणसांना लागणार, तेव्हा कॅम्प येईतो तलावात जाळं टाकायचं नाही, म्हशी घालायच्या नाहीत, असं ठरलं. ढिवरांनी ते कबूल केलं म्हणजे काय केलं हे इंदिराबाईंना तेव्हा समजलं होतं, नाही असं नाही. पण लटारूच म्हणाला, "पाहुना येनार म्हनल्यावर पानी तं ठेवनंच पडन न, बाई. तेवढे दिवस मजुरी करू." त्या दिवसापासून तो पाळीवर बसू लागला. गावातलं कुणी चोरून गळ टाकू लागलं तर हाकलून द्यायचा. बायांच्या बैठकीत साहेबांनी सांगायला सांगितलेलं एक कलम इंदिराबाईंनी वाचून दाखवलं होतं: कॅम्पाला तारेचं कुंपण राहील, देशाचं गुपित असल्यामुळे आतला माणूस पासाशिवाय बाहेर यायचा नाही, बाहेरचा आत जायचा नाही. तेव्हा लटारूची पोरगी रंभा, नुकतं लग्न ठरलेली, उंच, दात पुढं आलेली, पाठीमागून म्हणाली होती, "मंग आतल्या बाईनं माहेरी कसं यावं, बाई?" आणि तिची आई मनकर्णा तिच्या पाठीत धपका घालत म्हणाली होती, "तुले कोन आत नेऊन राह्यलं?"

इंदिराबाईंनी बाकाची कड घट्ट धरली. पलीकडे लटारू अजून बोलत होता. कुणीतरी खोकलं, कुणीतरी "नंबर काढा" म्हणून ओरडलं. आपण उठून निघून जावं असं त्यांना एकदा वाटलं. पण डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि निघून जायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागला असता.

मोहबोडीला कुणी आलं नाही. मध्ये राज्यं बदलली, ऑफिसं इकडची तिकडं झाली, इंदिराबाईंची बदली चांद्याला झाली. एक दिवस शेजारच्या टेबलावरचे कारकून सुपारी कातरताकातरता म्हणाले, "मोहबोडी? ते बंद झालं ना कधीचंच. मातीत दम निघाला नाही." त्यांनी विचारलं, "गावाला कळवलं का?" कारकून हसले, वाईट हसले नाहीत, आपले सहज हसले. "येणार म्हणून सांगायला खातं होतं, बाई. येणार नाही म्हणून सांगायला कुठलं खातं?" त्या रात्री त्यांना स्वतःचं वाट बघणं आठवलं. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा त्यांना नागपूरला भावाकडं सोडून जबलपूरला गेला होता. बिऱ्हाड लागलं की नेतो, असं सांगून. आठ वर्षं त्यांची ट्रंक भरलेली होती. त्यानं तिकडं दुसरी बाई ठेवलीय, तिला मुलं झालीत, हे भावाला ठाऊक होतं, वहिनीला होतं, शेजारपाजाऱ्यांना होतं. सगळे त्यांच्याशी फार चांगलं वागायचे. कुणी सांगितलं नाही. शेवटी त्यांना एका दूधवाल्याकडून कळलं, आणि कळलं तेव्हा दुःखापेक्षा त्यांना लाज वाटली, दर दिवाळीला ट्रंकेतले कपडे उन्हात घालत होतो त्याची. वाट बघणाऱ्या माणसाला काय हवं असतं हे त्या जाणून होत्या. म्हणून रजा काढून, सावली गावापर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं, त्या मोहबोडीला गेल्या. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. झाडाखाली चार माणसं जमवून त्यांनी सांगितलं की कुणी येणार नाही. तलावात जाळी टाका, माळावर नांगर घाला. माणसांनी ऐकून घेतलं. चहा दिला. मग लटारू हसला, अगदी मायेनं. "बाई, तुमची बदली झाली. तुमाले आता आतली गोष्ट कोन सांगन? तुमीच तं म्हनलं होतं, गुपित हाये म्हून." त्यांनी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, मग हात जोडून सांगितलं. ज्या आवाजानं ते गाव चालवलं होतं त्याच आवाजाचं आता काही चालेना. माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती ती अशी, की बिचारीला कामावरून काढलेलं दिसतं. परतताना बैलगाडीत त्यांनी गाडीवानाला काहीतरी विचारलं आणि स्वतःचा आवाज ऐकून त्या गप्प झाल्या. तो त्यांना परका वाटला.

"लटारूभाऊ," त्यांनी हाक मारली. हाक अगदी हळू निघाली होती, पण बाकाच्या त्या टोकाचं बोलणं थांबलं.

"कोन? बाई?" मग एकदम, "इंदिराबाई! अवो, इंदिराबाईच न?" काठी आपटत, माणसांच्या पायांवरून वाट काढत तो जवळ आला आणि हात पुढं करून चाचपडू लागला. इंदिराबाईंनीही हात पुढं केला. दोघांचे हात एकमेकांना चुकून दोनदा हवेत गेले, तेव्हा कुणी बाया हसल्या. "माह्या डोळ्याइत मोतीबिंदू उतरला, बाई. दोन्ही. काईच दिसत नाई. उद्या कापून राह्यले," तो म्हणाला. "तुमी काऊन चाचपडून राह्यल्या?" औषधाचं त्यांनी सांगितलं. तो खूष झाला. "मंग आज आपन सारखेच झालो." आणि मग, बाकावरच्या माणसांकडे तोंड करून, "ह्याच त्या बाई. ह्याइनंच कॅम्प आनला आमच्या गावी. सांगा न बाई याइले. हे म्हन्ते का लटारू फेकून राह्यला. आला न कॅम्प?"

कुणाच्या तरी ओल्या हातानं इंदिराबाईंचं मनगट धरलं. बायकी हात, खरखरीत, पाण्याच्या तांब्याचा गारवा असलेला. बोटं अशी रुतली की बांगडी मनगटात घुसली. कोण ते दिसलं नाही; मनकर्णाच ती, हे कळायला दिसायची गरज नव्हती.

"हो," इंदिराबाई म्हणाल्या. "आला कॅम्प."

त्यांचा आवाज स्वच्छ निघाला. बाकावरच्या माणसांनी तो ऐकून लगेच विश्वास ठेवला, हे त्यांना न बघता कळलं. लटारू समाधानानं हसला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, एक काम हाये तुमच्याकडं. डोळे आले का मले एक पास काढून द्या. रंभाले पाहाचं हाये."

नळाच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, मनकर्णानं त्यांना सगळं सांगितलं. इंदिराबाईंना समोर फक्त एक हिरवट लुगड्याचा धब्बा दिसत होता आणि त्यातून बोलणं येत होतं. "तलाव बंद झाला, तवा एकएक घर उठून गेलं, बाई. कोनी बांबू तोडाले, कोनी कोळशाच्या खानीकडं. जावई चैतू रंभाले घेऊन खानीकडं गेला. झोपड्याइत राह्यत होते. उन्हाळ्यात पटकी आली तिथी. मले निरोप आला तवरी पोरगी गेली होती. मी गेली, माती देऊन आली. घरी आली तं हा ओट्यावर बसलेला. डोळे तवाच अंधुक झाले होते. मले म्हने, रंभा बरी हाये न? मी पाय धुवून राह्यली होती. माह्या तोंडातून निंगालं, बरी हाये. कॅम्पात हाये म्हनलं, तिथी काम लागलं दोघाइले. कॅम्प आला? म्हने. म्हनलं, हो, आला."

"आणि त्यानं मानलं?"

"बांबूच्या ट्रका जाते न आपल्या त्या रस्त्यानं. त्याले वाटते कॅम्पाच्याच हायेत. तीनचार घरं उरली गावात, त्याइले मी हात जोडून गप ठेवलं. मले म्हने, पोरगी घरी काऊन येत नाई? म्हनलं, तुले मालूम नाई का, बाईनं सांगतलं होतं, पास लागते. म्हने, मंग मले ने. म्हनलं, आंधळ्या मानसाले आत सोडत नाई." ती थांबली. नळाचं पाणी कुणाच्या तरी घागरीत पडत होतं, त्याचा आवाज बदलत बदलत वर चढला. "तवापासून हट्ट धरून बसला, बाई. डोळे कापून घेतो म्हने. मी लय डाव टाळलं. आता काय करू? देवाले काय मागू मी? डोळे यावं म्हनू, का नाई यावं?"

इंदिराबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात राहून राहून ते कुंपणाचं कलम येत होतं. किती ठासून वाचलं होतं ते. साहेबांना जे कधी उभारता आलं नाही ते तारेचं कुंपण या बाईनं एकटीनं उभारलं होतं आणि त्याच्या आत आपली मेलेली लेक नेऊन ठेवली होती. तिथून तिला कुणी बाहेर काढू शकत नव्हतं. किती भक्कम जागा! त्यांना भीती वाटली ती ही, की आपल्याला या बाईचा हेवा वाटतो आहे.

कापण्याचं काम नीट झालं. उजवा डोळा आधी केला. लटारूला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. इंदिराबाई ऑफिस सुटल्यावर रोज पेज घेऊन जाऊ लागल्या. त्यांची नजर दोन दिवसांत मूळपदावर आली, पुढच्या आठवड्यात नवा चष्माही आला, पण वॉर्डात गेल्यावर त्या तो काढून पिशवीत ठेवायच्या. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पहिल्या दिवशी लटारू म्हणाला, "बाई, सांगा न कॅम्पाचं. ही सांगते, पन हिले आतलं मालूम नाई." मनकर्णा खाली फरशीवर बसली होती. इंदिराबाई एक घोट पाणी प्यायल्या आणि त्यांनी सुरुवात केली. आधी थोडंच सांगितलं. माळावर तंबू आहेत, दिवे आहेत. दुसऱ्या दिवशी तंबूंच्या जागी विटांच्या खोल्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दवाखाना आला. आवाज जड होता तो हळूहळू सुटला, पूर्वीसारखा चालू लागला. बोलताना त्यांचे हातही चालू लागले. रंभाचं क्वार्टर टोकाला होतं, पुढं पडवी, मागं मोकळी जागा, तिनं तिथं वांगी लावली होती. शेजारीण तेलंगी होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी दिवसभर बोलायच्या. लटारू उताणा पडून ऐकायचा, पट्टीखाली त्याचे ओठ किंचित उघडे असायचे. शेजारच्या खाटांवरची माणसंही गप्प होऊन ऐकायची. इंदिराबाईंना कळत होतं की हे भयंकर आहे. आणि हेही कळत होतं की संध्याकाळी ऑफिस कधी सुटतं याची आपण सकाळपासून वाट बघतो. एकदा त्या बोलताबोलता थांबल्या, पुढं काय सांगावं ते सुचेना, तेव्हा खालून, फरशीवरून मनकर्णानं विचारलं, "आन बाई, पानी? तिथी तिले पानी दुरून आनावं लागते का?"

इंदिराबाईंनी खाली पाहिलं. चष्मा नव्हता, चेहरा धूसर होता. पण विचारणं खोटं नव्हतं. नवऱ्याला ऐकवण्यासाठी ती विचारत नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "नळ आहे. दारातच."

"बरं झालं," मनकर्णा म्हणाली. "लहानपनापासून तिची कंबर दुखे."

त्या दिवशी घरी जाताना त्यांना रस्ता नीट दिसेना. कोळशाचा धूर खाली उतरला होता, टांगेवाले ओरडत होते. आपण हे कुठवर नेणार, हे त्यांनी स्वतःच्या मनाला विचारलं. पट्टी सुटेल. तो गावी जाईल. माळावर चुना उडालेले दगड दिसतील, रिकामी घरं दिसतील. त्याआधी सांगितलं पाहिजे. आपण सांगितलं पाहिजे. आठ वर्षांनी दूधवाल्यानं सांगावं तसं नको. पण मनकर्णानं सांगितलेल्या, रंभाच्या कंबर दुखण्याच्या गोष्टीला त्या अडखळत होत्या. ती गोष्ट खरी होती. सगळ्या खोट्याच्या मध्यभागी तेवढी एक गोष्ट खरी होती, आणि तिच्यावरून पाय टाकून पलीकडे जाणं त्यांना जमेना. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

पट्टी सोडायच्या सकाळी त्यांनी रजा घेतली. आज चष्मा लावूनच त्या वॉर्डात शिरल्या, आणि दारातच थबकल्या. खाटेपाशी मनकर्णा उभी होती. एवढ्या दिवसांत त्यांनी तिला धड पाहिलंच नव्हतं. त्यांच्या आठवणीत जी होती ती काळीसावळी, तुकतुकीत गालांची, पोरीच्या पाठीत धपका घालणारी बाई. ही कुणी वेगळीच होती. गाल आत गेलेले, डोळ्यांखालची कातडी जळाल्यासारखी काळी, आणि ओठ असे मिटलेले की जणू शिवून ठेवलेत. दोन वर्षं हा चेहरा नवऱ्याच्या समोर बसून उघड उघड रडला असणार. आवाजाला तिनं आवरलं होतं, चेहऱ्याला आवरायचं कारणच पडलं नव्हतं. इंदिराबाई घाईनं पुढं झाल्या. तिला बाजूला घ्यावं, तोंड फिरवून उभं राहायला सांगावं, निदान पदर पुढं ओढ म्हणावं. पण डॉक्टर आले होते. त्यांनी हसत हसत लटारूला बसता केलं, मानेमागं हात घालून पट्टीचे वेढे सोडले, कापूस उचलला, ओल्या बोळ्यानं पापण्या पुसल्या.

"उघडा. हळू."

लटारूनं डोळा उघडला. पाण्यानं भरलेला, लालसर डोळा. तो भिरभिरला. डॉक्टरांनी एक जाड भिंग त्याच्या डोळ्यासमोर धरलं. "किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"एक. ... तुमच्या बोटात आंगठी हाये."

वॉर्डातली माणसं हसली. डॉक्टरही हसले. "घ्या, आता कारभारणीला बघा," असं म्हणून भिंग त्यांनी त्याच्याच हातात दिलं आणि ते बाजूला सरले.

लटारूनं भिंग धरलं. त्याच्या पलीकडे मनकर्णा होती. ती हलली नाही. तिनं हसायचा प्रयत्न केला, तो इंदिराबाईंनी पाहिला. भिंगामागं लटारूचा डोळा फार मोठा दिसत होता. तो तिच्या कपाळावरून खाली आला, गालांवर थांबला, ओठांवर थांबला, पुन्हा वर गेला. मग त्यानं अगदी हळू विचारलं,

"कवा गेली?"

"कोन?"

"रंभा."

मनकर्णाच्या ओठांचा टाका सुटला. "दोन उन्हाळे झाले," ती म्हणाली. "पटकी होती."

डॉक्टरांना काही समजलं नव्हतं, पण म्हाताऱ्याच्या छातीचा भाता वरखाली होऊ लागलेला त्यांनी पाहिला आणि ते झटकन पुढं आले. "रडायचं नाही हां! बिलकूल नाही. डोळ्यावर जोर आला तर केलेलं सगळं वाया जाईल." लटारूनं आज्ञाधारकपणे मान हलवली. सरकारी माणसानं सांगितलेलं तो नेहमीच ऐकत आला होता. त्यानं तोंड वर केलं, आढ्याकडे, आणि श्वास रोखून तसाच बसून राहिला. खालचा ओठ दातात धरला होता. मग तो तसाच वर बघत म्हणाला, "बाई हायेत का इथी?"

"आहे, लटारूभाऊ."

"कॅम्प?"

"नाही आला," इंदिराबाई म्हणाल्या. "कधीच आला नाही."

"हां," तो म्हणाला. "तुमी सांगाले आल्या होत्या एक डाव. मीच हासलो." तो थांबला. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला भांडी वाजत होती. "मंग एवढे दिवस ते पोरगी होती कुठी?"

प्रश्न कुणाला होता ते कळलं नाही. मनकर्णा खाटेच्या कडेवर बसली. तिनं नवऱ्याच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि स्वतःच्या पदरात धरलं.

"मी सांगत होती तेवढी होती," ती म्हणाली.

लटारूनं ते ऐकलं. त्यानं डोळा मिटला, आणि उशीवर डोकं टेकून, पूर्वीसारखा उताणा झाला. हातानं चाचपून त्यानं वाळूची एक पिशवी कानाजवळ ओढून घेतली.

"मंग सांग," तो म्हणाला.

मनकर्णा त्याच्या मिटल्या डोळ्याकडे बघत राहिली. तिनं दोनदा ओठ हलवले. तिला काही सांगता आलं नाही.